कोमोडोचा करंट: तीस डाइव्ह पुरेशा आहेत का?

तुमचा प्रश्न मी जसा समजलो तसा आधी मांडतो. तुमच्याकडे स्कूबा डायव्हिंगचे ॲडव्हान्स्ड ओपन वॉटरचे, म्हणजे दुसऱ्या पायरीचे, कार्ड आहे. स्वराज द्वीप, नेत्राणी आणि मालवण मिळून तीसेक डाइव्ह झाल्या आहेत. ऑगस्टमध्ये पत्नीसह इंडोनेशियातल्या कोमोडोला पाच दिवसांच्या लाइव्हअबोर्डवर, म्हणजे मुक्कामाच्या डाइव्ह बोटीवर, जायचे ठरले आहे. आणि बोटीच्या कंपनीने ‘ॲडव्हान्स्ड आणि किमान तीस डाइव्ह’ एवढीच अट घातली आहे. बातू बोलोंग आणि कॅसल रॉक या तिथल्या जोरदार करंटच्या ठिकाणांचे व्हिडिओ पाहिल्यावर हा अनुभव पुरेसा आहे का, रीफ हुक (खडकात अडकवून करंटमध्ये एका जागी थांबायचा आकडा) विकत घ्यावा का आणि पाण्याने खाली ओढले तर काय करावे, असे तुम्ही विचारता. पत्नीकडे फक्त पहिल्या पायरीचे, ओपन वॉटरचे कार्ड आहे आणि तिच्या बाराच डाइव्ह झाल्या आहेत, तिचे काय करावे, हा शेवटचा प्रश्न आहे.

मी मालवणचा, व्यवसायाने डाइव्ह इन्स्ट्रक्टर. कोमोडोसाठी लाबुआन बाजो बंदराहून सुटणाऱ्या बोटींवर काही हंगाम गाइड म्हणून काम केले आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे की तुम्ही जावे, पण कॅसल रॉकला पहिल्या दोन दिवसांत उतरू नये आणि बातू बोलोंगला कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला उतरायचे हे स्वतःच्या हौसेवर न सोडता गाइडवर सोडावे. रीफ हुक घेऊ नका. त्या पैशांत चांगला डीएसएमबी, म्हणजे पाण्याखालून वर सोडायचा फुगा, आणि त्याच्या दोरीचा स्पूल घ्या.

खरी अडचण तीस या आकड्यात नाही. तो आकडा बोटीच्या कागदपत्रांच्या सोयीचा आहे आणि तुमच्या तयारीबद्दल फारसे काही सांगत नाही. त्या तीस डाइव्ह कशा झाल्या, हे पाहायला हवे. नेत्राणीला काय किंवा स्वराज द्वीपला काय, बहुतेक वेळा बोट नांगरावर किंवा बोयाला बांधलेली असते, तुम्ही दोरी धरून सावकाश उतरता, कान अडले तर दोरीलाच लटकून थांबता आणि डाइव्ह संपताना त्याच दोरीकडे परत येता. कोमोडोच्या करंटच्या ठिकाणी ही दोरी नसते. बोट तुम्हाला नेमक्या जागी सोडते, पाणी तुम्हाला घेऊन जाते आणि तुम्ही जिथे वर याल तिथे बोट येते. म्हणजे दोरीशिवाय झटपट उतरणे, मोकळ्या निळ्या पाण्यात कशाचाही आधार न घेता खोली राखून वर येणे आणि डाइव्ह अर्ध्यावर सोडण्याचा इशारा मिळताच तो मानणे, या तीन गोष्टी यायला हव्यात. एकाच बोयाखाली शंभर डाइव्ह केलेल्या माणसापेक्षा तीस डाइव्हमध्ये आठ-दहा ड्रिफ्ट (करंटबरोबर वाहत जायच्या डाइव्ह) केलेला माणूस माझ्या गटात असला, तर मी अधिक निर्धास्त असतो.

आता तिथले पाणी एवढे का धावते, हे समजून घेतले तर पुढचा सल्ला पटेल. कोमोडो, रिंचा आणि पादार ही बेटे सुंबावा आणि फ्लोरेस या मोठ्या बेटांच्या मध्ये आहेत. उत्तरेला फ्लोरेस समुद्र आणि दक्षिणेला हिंदी महासागराच्या बाजूचे पाणी आहे. पॅसिफिकच्या बाजूची समुद्रपातळी हिंदी महासागराच्या बाजूपेक्षा सरासरीने थोडी उंच असल्यामुळे इंडोनेशियाच्या बेटांमधून वर्षभर पाणी दक्षिणेकडे वाहत असते. या प्रवाहाचे मोठे मार्ग लोंबोक, ओंबाई आणि तिमोरकडचे आहेत. कोमोडोच्या चिंचोळ्या आणि उथळ खाड्यांत मुख्य जोर असतो तो भरती-ओहोटीचा. दोन्ही बाजूंच्या समुद्रांत भरती एकाच वेळी आणि एकाच उंचीची येत नाही, त्यामुळे पातळीतला फरक या अरुंद फटींतून भरून निघतो. त्याच वेळी दक्षिणेकडून खोल, थंड आणि पोषक पाणी वर येते. उत्तरेला पाणी साधारण २७-२८ अंश असताना दक्षिणेच्या ठिकाणी ते २२-२४ अंशांपर्यंत उतरते, म्हणून तीन मिलिमीटरच्या सूटवर ऑगस्टमध्ये दक्षिणेला जाऊ नका. माशांची जी गर्दी तुम्ही व्हिडिओत पाहिली तिचे कारण हाच करंट आहे, त्यामुळे करंट नसलेला कोमोडो मागून उपयोग नाही.

आपल्याकडे एक सोय आहे, तिचा वापर करा. मालवणच्या मच्छीमाराला उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) कधी आहे हे विचारावे लागत नाही. दिनदर्शिकेतली तिथी पाहिली की त्याला कळते. अमावास्या आणि पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत मोठे असते, दोन्ही अष्टम्यांनंतर एक-दोन दिवसांनी भांग असते. हाच चंद्र कोमोडोवरही असतो. तुमच्या पाच दिवसांच्या तारखांना कोणत्या तिथी येतात ते आजच पाहा. सहल नवमी-दशमीच्या आसपास पडत असेल तर तीस डाइव्हच्या माणसासाठी ती चांगली. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होत असेल आणि तारखा बदलता येत असतील तर आठवडाभर पुढे-मागे करा. भांगेला मासे थोडे पांगलेले दिसतात, मोठे गेदर आणि शार्क रॉकच्या तोंडाशी तितके जमत नाहीत, हे खरे आहे. पहिल्या खेपेला ही किंमत मोजण्यासारखी आहे.

मात्र भांग म्हणजे शांत पाणी, असे समजू नका. उधाणात पाणी थांबण्याची वेळ, जिला बोटीवर सगळे स्लॅक म्हणतात, अगदी थोडा वेळ टिकते आणि भांगेत ती लांबते, एवढाच भरवशाचा फरक आहे. शिवाय भरतीच्या तक्त्यातली उंच पाण्याची वेळ आणि त्या खडकाजवळचा स्लॅक एकाच वेळी येत नाहीत. प्रत्येक ठिकाणी मागे-पुढे होते, आणि ती तफावत जुन्या गाइडांच्या वहीत किंवा डोक्यात असते. म्हणून माझा कोणत्याही ॲपपेक्षा त्या माणसावर अधिक विश्वास आहे, जो उडी मारण्याआधी छोट्या होडीतून खडकाला एक फेरी मारतो, मास्क लावून डोके पाण्यात घालतो आणि मगच ‘चला’ किंवा ‘अर्धा तास थांबू’ म्हणतो. तुमच्या बोटीवरचा गाइड हे करत नसेल तर तुम्ही त्याला विनंती करू शकता. यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

बातू बोलोंग हे ठिकाण थोडे जवळून पाहू, कारण तिथे समजलेली गोष्ट इतरत्र लागू पडते. समुद्राच्या मधोमध एक लहानसा खडक पाण्याबाहेर डोकावतो आणि पाण्याखाली त्याच्या भिंती सत्तर मीटरपेक्षा खोल जातात. करंट एका बाजूने येऊन खडकावर आदळतो, तिथे दुभंगतो आणि दोन्ही कडांवरून वेगाने निघून जातो. पुराच्या पाण्यात पुलाच्या खांबामागे जसा शांत पट्टा तयार होतो तसा पट्टा खडकाच्या मागच्या बाजूला असतो. त्या पट्ट्याला आम्ही सावली म्हणतो आणि सगळी डाइव्ह तिथेच होते. बोट तुम्हाला त्या बाजूला सोडते, तुम्ही वीस-पंचवीस मीटरपर्यंत उतरता आणि मग डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असे आडवे जात हळूहळू वर येता. धोका असतो तो दोन्ही टोकांना, जिथे सावली संपते आणि पाणी कडेवरून खाली किंवा बाहेर ओढते.

ते टोक जवळ आले हे ओळखायला उपकरण लागत नाही. भिंतीलगत बोटभर लांबीचे नारिंगी-जांभळे अँथियास मासे हजारोंनी असतात आणि ते नेहमी पाण्याच्या तोंडाकडे डोके करून पोहतात. सावलीत त्यांची डोकी कुठेही असतात, ते सैल पसरलेले असतात. टोकाकडे जाताना ते एका दिशेला वळतात, मग खडकाला चिकटतात, आणि जिथे ते सगळे डोके वर करून जोराने शेपटी मारूनही जागच्या जागी दिसतात, तिथे पाणी खाली जात आहे. तुमच्या पुढच्या माणसाच्या बुडबुड्यांकडेही पाहत राहा. ते तिरपे गेले तर करंट आहे, गोल फिरू लागले तर भोवरा आहे, आणि वर जायचे सोडून त्याच्या खांद्यावरून खाली जाऊ लागले तर मागे वळा. नवखे लोक कासवाकडे किंवा कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहत त्या टोकापर्यंत सहज जातात; म्हणून पहिल्या दोन दिवसांत कॅमेरा बोटीवर ठेवावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

कॅसल रॉक वेगळा आहे. गिली लावा लाउत बेटाच्या उत्तरेला उघड्या समुद्रात तो आहे आणि त्याचे शिखर पाण्याबाहेर येत नाही, काही मीटर खालीच राहते. त्यामुळे उडी मारल्यावर डोळ्यांना धरायला काही नसते आणि शिखर चुकले तर डाइव्ह तिथेच संपते. इथे निगेटिव्ह एंट्री करतात. बीसीडीतली (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटातली) हवा होडीतच पूर्ण काढायची, कान वरच एकदा हलके फुंकून मोकळे करायचे, सगळ्यांनी एकाच इशाऱ्यावर मागे कोलांटायचे आणि पृष्ठभागावर न थांबता पाच-सहा मीटरवर पोहोचूनच एकमेकांना ओके द्यायचे. दोन नॉटच्या करंटमध्ये पाणी सेकंदाला सुमारे एक मीटर सरकते, म्हणजे कान उघडत नाही म्हणून तुम्ही अर्धा मिनिट वर अडकलात तर पाण्याने तुम्हाला तीस मीटर पुढे नेलेले असते. ज्यांना दोरीशिवाय उतरण्याची सवय नाही त्यांची कॅसल रॉकची डाइव्ह इथेच फसते. कान अडले तर जबरदस्ती करू नका. वर या, हात उंच करा, होडी उचलेल. याच कारणासाठी वजनाची तपासणी पहिल्याच दिवशी शांत जागी करून घ्या, कारण एक किलो कमी असले तर तुम्ही उतरत नाही आणि दोन किलो जास्त असले तर सबंध डाइव्हभर बीसीडीशी झगडत राहता.

पोहून करंटला हरवता येते का, असे तुम्ही थेट विचारलेले नाही, पण प्रश्नाच्या सुरात ते आहे. पाण्याचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट झाला तर अवरोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. पूर्ण साधने अंगावर असलेला तंदुरुस्त डायव्हर अर्ध्या नॉटविरुद्ध बरा वेळ पोहू शकतो, एक नॉटविरुद्ध काही मिनिटे, आणि त्यापुढे तो जागच्या जागी पाय मारत राहतो. कोमोडोच्या खाड्यांत उधाणाला आठ नॉटपर्यंतचे प्रवाह धावतात. तेव्हा करंटविरुद्ध पोहणे हा मार्गच नाही. करायचे ते एवढेच की खडकाला अगदी लगटून राहायचे, जिथे घर्षणामुळे पाणी मंद असते, आडवे सरकून सावली गाठायची, नाहीतर सरळ सोडून देऊन वाहत जायचे.

हवेचा हिशेब केला तर हे अधिक स्पष्ट होते. ११ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये २०० बारला साधारण २२०० लिटर हवा असते आणि ५० बार राखीव सोडले तर १६५० लिटर हाताशी राहते. पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर घेणारा माणूस २० मीटरवर, तिप्पट दाबात, साठ लिटर घेतो, म्हणजे त्याला २७ मिनिटे मिळतात. तोच माणूस करंटविरुद्ध पाय मारू लागला की त्याचा श्वास सहज दुप्पट होतो आणि २७ मिनिटांची १३ होतात. हवा संपण्याआधी दुसरी गोष्ट घडते आणि ती अधिक घातक आहे: श्वास उथळ आणि जलद होतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि रेग्युलेटर पुरेशी हवा देत नाही अशी खात्री वाटू लागते. रेग्युलेटर ठीक असतो. अशा वेळी कोणताही निर्णय घेण्याआधी थांबा, जिवंत प्रवाळ टाळून मोकळा खडक एका हाताने पकडा, आणि तीन-चार वेळा अगदी शेवटपर्यंत श्वास सोडा. गाइडला ‘थांब’चा इशारा करा. जे लोक हे न करता तडक वर धाव घेतात, त्यांना फुप्फुसाच्या इजेचा धोका असतो.

माझ्या गटाला मी आकडे आधीच सांगतो: १०० बारला मला कळवायचे, ७० ला आपण खडक सोडतो, ५० ला सेफ्टी स्टॉपवर, म्हणजे वर येण्याआधीच्या तीन मिनिटांच्या थांब्यावर, असायला हवे. गटातला ज्याचा काटा आधी उतरतो त्याच्या हिशेबाने सगळे जातात. नायट्रॉक्सचे, म्हणजे जास्त ऑक्सिजनच्या हवेचे, कार्ड असेल तर रोजच्या तीन-चार डाइव्हसाठी ३२ टक्क्यांचे मिश्रण चांगले, पण त्याची ऑक्सिजनच्या दाबाची १.४ बारची मर्यादा ३३ मीटरच्या आसपास येते, ही गोष्ट भिंतीच्या ठिकाणी लक्षात असू द्या.

आता खाली ओढणाऱ्या पाण्याबद्दल. इथे तज्ज्ञांत मतभेद आहेत: कोणी म्हणतात भिंत धरा, कोणी म्हणतात भिंतीपासून दूर निळ्यात जा. माझ्या मते दोन्ही बरोबर आहेत आणि जागेवर अवलंबून आहेत. असे पाणी बहुधा भिंतीलगतच्या अरुंद पट्ट्यात किंवा खडकाच्या कडेला असते. खडक हाताच्या अंतरावर असेल आणि शांत बाजू काही मीटरवर असेल, जसे बातू बोलोंगला असते, तर खडक पकडा आणि हातांनी आडवे सरकत सावलीत परत या. खडक हाती लागत नसेल तर सरळ वर पोहू नका. भिंतीपासून आडवे, बाहेरच्या दिशेला पोहा, बीसीडीत थोडी-थोडी हवा भरा, बडीला (जोडीदार डायव्हरला) नजरेआड होऊ देऊ नका आणि कॉम्प्युटरवर खोलीचा आकडा पाहत राहा. घाबरलेल्या माणसाला आपण खाली जात आहोत की वर, हे अंगावरून कळत नाही.

पुढचा भाग शिकवणीत बहुतेक वेळा राहून जातो. पाण्याची पकड जेव्हा सुटते, तेव्हा बीसीडीत भरलेली ती सगळी हवा तुम्हाला झपाट्याने वर नेते आणि वर जाताना आणखी फुगते. म्हणून हवा भरतानाच दुसरा हात डम्पच्या, म्हणजे हवा सोडायच्या, दोरीवर हवा आणि आकडा स्थिर झाला त्याच क्षणी हवा सोडायला सुरुवात व्हायला हवी. वजने टाकणे हा अगदी शेवटचा उपाय आहे, कारण नंतर वर जाण्याचा वेग आवरता येत नाही. वर नेणारे पाणी लागले तर उलट करा: हवा पूर्ण सोडा, श्वास सोडत राहा, भिंतीपासून बाजूला व्हा. मिनिटाला ९ मीटरची चढण्याची मर्यादा दोन्ही प्रसंगी डोक्यात असू द्या.

यानंतर येतो तो डीएसएमबी, तो लांब नारिंगी फुगा. कोमोडोला प्रत्येकाकडे स्वतःचा हवा, फक्त गाइडकडे असून चालत नाही. दोन नॉटच्या करंटमध्ये तीन मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपमध्ये तुम्ही सुमारे १८० मीटर वाहत जाता. लाटांमध्ये तरंगणारे काळे डोके शंभर-दीडशे मीटरवरूनही होडीवाल्याला दिसत नाही, दीड-दोन मीटर उंच फुगा मात्र बऱ्याच लांबून दिसतो. म्हणून दहा-बारा मीटरवर असतानाच तो वर सोडतात, म्हणजे तुम्ही खाली थांबला असतानाच होडी मागोमाग येऊ लागते. बडी दिसेनासा झाला तर एक मिनिटभर शोधा, मग फुगा सोडून वर या. वर आल्यावर बीसीडी पूर्ण फुगवा, बेटाकडे पोहण्याचा हट्ट धरू नका, गट एकमेकांना धरून ठेवा, फुगा ताठ उभा ठेवा. शिट्टी आणि छोटा आरसा खिशात असावा. संध्याकाळच्या डाइव्हला टॉर्चही.

हे सगळे अतिसावधपणाचे वाटत असेल तर जून २००८ मधली घटना आठवा. कोमोडो उद्यानात डाइव्ह करणारे पाच युरोपीय डायव्हर आपल्या बोटीपासून दूर वाहून गेले, पाण्यात बराच काळ तरंगून शेवटी रिंचा बेटाच्या किनाऱ्याला लागले आणि शोधपथकाला सापडेपर्यंत दोन रात्री तिथे राहिले. खाण्यासाठी खडकावरचे शिंपले होते, आणि जवळ आलेल्या कोमोडो ड्रॅगनला त्यांना हुसकावून लावावे लागले. त्यांच्यातले काही जण व्यवसायाने डायव्हिंगमधलेच होते. हल्ली डायव्हरने सोबत बाळगायची, जलरोधक डबीतली जीपीएस बीकनही मिळते. बोट ती देत असेल तर नक्की घ्या.

रीफ हुकबद्दल दोनच शब्द. पलाउच्या ब्लू कॉर्नरसारख्या किंवा मालदीवच्या खाडीच्या मुखासारख्या ठिकाणी, जिथे सपाट कडेवर एकाच जागी थांबून शार्क पाहायचे असतात, तिथे हुक उपयोगी पडतो. कोमोडोत बहुतेक डाइव्ह सावलीत किंवा वाहत होतात. हुक मेलेल्या खडकातच अडकवायचा, अडकल्यावर बीसीडीत किंचित हवा भरायची, ताण असताना तो सोडवायचा, या गोष्टी पहिल्यांदाच तीन नॉटमध्ये शिकायच्या नसतात. त्या वेगात मान आडवी वळवली तर मास्क थरथरतो आणि आत पाणी येते, समोर तोंड केले तर काही रेग्युलेटरचे पर्ज बटन दाबले जाऊन हवा आपोआप सुटू लागते. पहिल्यांदा हे घडते तेव्हा माणूस पुरता गडबडतो, आणि त्या वेळी त्याच्या पोटाला हुक बांधलेला नसावा.

ऑगस्टपर्यंतच्या तयारीचे म्हणाल, तर किती वेळ हातात आहे त्यावर ते ठरेल. मालवण आणि नेत्राणी पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे मे अखेरच्या आत जमले तर दोन-तीन डाइव्ह मुद्दाम दोरी न धरता करा आणि प्रत्येक डाइव्हच्या शेवटी स्वतः फुगा सोडा. ते जमले नाही तर जवळच्या एखाद्या डाइव्ह सेंटरच्या पोहण्याच्या तलावाच्या खोल टोकाला सराव करा: तळाला न टेकता, एका खोलीवर स्थिर राहून, फुगा भरून स्पूल सुटू द्यायचा, आणि ते करताना अर्ध्या मीटरपेक्षा वर-खाली व्हायचे नाही. पहिल्या वेळी जवळपास सगळेच फुग्याबरोबर वर जातात. तलावात त्याने काही बिघडत नाही. शिवाय लाबुआन बाजोला दोन दिवस आधी पोहोचा आणि तिथल्या दिवसभराच्या बोटीवर तातावा बेसारसारखी सौम्य ड्रिफ्ट डाइव्ह करा. लाइव्हअबोर्डच्या गाइडला तुमची वही दाखवताना ती डाइव्ह तुमच्या तीसांपेक्षा अधिक बोलकी ठरेल.

कंपनीला आताच लेखी विचारून घ्या की एका गाइडमागे किती डायव्हर असतात (चारपेक्षा जास्त असतील तर मी जाणार नाही), अनुभवानुसार गट वेगळे करतात का, डाइव्ह चालू असताना छोटी होडी सतत गटावर असते का, आणि करंट जास्त असल्यास ठिकाण बदलले जाते का. ‘आमच्याकडे आजपर्यंत काही झाले नाही’ एवढेच उत्तर आले तर दुसरी बोट पाहा. साध्या प्रवास विम्यात स्कूबा अनेकदा वगळलेले असते, म्हणून रीकॉम्प्रेशन चेंबर (डायव्हिंगच्या आजारावर दाबाखाली उपचार करायची खोली) आणि तातडीने हलवण्याचा खर्च देणारा डायव्हिंगचा विमा घ्या. शेवटच्या डाइव्हनंतर परतीच्या विमानाआधी किमान १८ तास मोकळे ठेवा.

राहिला पत्नीचा प्रश्न. त्यांच्या कार्डाची मर्यादा १८ मीटर आहे आणि बारा डाइव्हवर बातू बोलोंग किंवा कॅसल रॉक त्यांच्यासाठी नाही, बोटीने परवानगी दिली तरीही नाही. पण कोमोडो म्हणजे एवढेच नव्हे. सियाबा बेसारला उथळ, शांत पाण्यात कासवे भरपूर दिसतात. मकासर रीफवर दहा-पंधरा मीटर खोलीवर वाहत जाताना मांटा भेटतात, आणि दिवस नीट निवडला तर अख्ख्या सहलीतली उत्तम डाइव्ह ती ठरू शकते; मात्र उधाणाच्या दिवशी तिथेही पाणी जोरात असते, तेव्हा त्यांच्यासोबत गाइड हाताच्या अंतरावर असायला हवा. ॲडव्हान्स्डचा कोर्स बोटीवरच करता येतो, आणि त्यातली ड्रिफ्टची डाइव्ह तिथल्या पाण्यात शिकणे चांगलेच. पण कार्ड मिळाले म्हणून त्याच सहलीत अवघड ठिकाणी नेऊ नका.

आणखी एक: अवघड डाइव्हला पती-पत्नीने एकमेकांचे बडी होऊ नये, असे मी माझ्या पाहुण्यांना सांगतो. अनुभवी जोडीदार सगळा वेळ मागे वळून पाहत राहतो, त्याचे पाण्याकडे लक्ष राहत नाही, आणि नवखा जोडीदार स्वतःची हवा पाहायचे सोडून त्याच्या मागे जातो. पहिले दोन दिवस पत्नीसाठी वेगळा गाइड हवा, हे बुकिंगच्या वेळीच कळवा. त्याचे वेगळे पैसे पडतील, ते द्या.